रिटायरमेंट व्हिलेज शेजारी आले तर...

आपल्या गुंगालिनची ओळख आजवर तरुण जोडप्यांचा, बाबागाड्यांचा आणि गृहकर्जांचा भाग अशीच आहे. १९९० च्या दशकात इथे वस्ती वाढू लागली आणि २०२१ च्या जनगणनेत ती ८७ हजारांवर गेली. पण सुरुवातीला तिशीत घर घेतलेली मंडळी आता साठीत आहेत. क्रेसमध्ये गुडविन संस्थेचे रिटायरमेंट व्हिलेज आहेच. अशी आणखी लागणार हे उघड आहे.

मंडळाच्या एका कार्यक्रमात एक स्नेही मला म्हणाले, "अहो, ही व्हिलेजेस वाढली तर आपल्याला डॉक्टरची वेळ मिळायची कधी? आणि पार्किंग?" शंका रास्त आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही संगणकवाले एखाद्या यंत्रणेवरचा ताण मोजताना माणसे किती एवढेच पाहत नाही. ती केव्हा येतात हेही पाहतो. माझे आईवडील पुण्याहून येऊन आमच्याकडे राहतात. बाबा बाजारात जातात ते सकाळी दहाला, वाचनालयात अकराला. सकाळी आठच्या आणि संध्याकाळी पाचच्या वाहनांच्या रांगेत ते कधीच नसतात. आपण सारे कचेरीत असताना दुकानांना गिऱ्हाईक मिळते ते अशा मंडळींमुळे. शिवाय चार खोल्यांचे घर सोडून दोघे लहान घरात गेले, की ते मोठे घर मुलाबाळांच्या कुटुंबाला मिळते.

मात्र आरोग्यसेवेचा ताण खरा आहे. कॅनबेरात बल्क बिलिंग करणारे डॉक्टर पूर्वीपासूनच कमी. नोव्हेंबर २०२५ पासून त्यासाठीचे सरकारी प्रोत्साहन सर्व मेडिकेअरधारकांना लागू झाले, तरी नवा डॉक्टर काही त्याने निर्माण होत नाही. गुंगालिनमध्ये २०१८ पासून परिचारिकांचे मोफत वॉक-इन सेंटर आहे. पण मधुमेह, रक्तदाब यांसाठी वर्षानुवर्षे एकच डॉक्टर लागतो, आणि रुग्णालयासाठी ब्रूस गाठावे लागते. २०१९ मध्ये सुरू झालेली ट्राम उत्तम. पण ती थांब्याजवळच्यांसाठी. काठी घेऊन चालणाऱ्याला अर्धा किलोमीटरसुद्धा लांब असतो.

म्हणून माझे मत असे, की व्हिलेजला विरोध करू नये, अटी घालाव्यात. नवे व्हिलेज येणार असेल तर दवाखाना, बसथांबा, सावलीतील बाक आणि सलग पदपथ आधी मागावेत. कुंपणाआड, गावाबाहेर वसवलेले व्हिलेज राहणाऱ्यांना एकटे पाडते आणि शेजाऱ्यांनाही उपयोगी पडत नाही. शिवाय तो पदपथ बाबागाडीलाही लागतोच.

आता थोडे पैशाचे. बहुतेक व्हिलेजमध्ये आपण घराची मालकी नव्हे, राहण्याचा हक्क विकत घेतो. सोडताना एक्झिट फी कापली जाते आणि दरमहाचा खर्च वेगळा. आपल्या इथे यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. तरी करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. वयाची ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांना, किमान दहा वर्षे मालकीचे असलेले राहते घर विकल्यावर, नियमांच्या अधीन राहून प्रत्येकी ३ लाख डॉलरपर्यंत रक्कम सुपरमध्ये टाकता येते. आणि भारतातून उतारवयात आलेल्या आईवडिलांना एज पेन्शनसाठी साधारणतः दहा वर्षांचे वास्तव्य लागते, हे विसरून हिशेब मांडू नये.

बाबा परवा म्हणाले, "इथे बाकावर बसलं की कोणीतरी 'गुड मॉर्निंग' म्हणतं, बरं वाटतं." तो बाक आज बाबांसाठी आहे; वीस-पंचवीस वर्षांनी त्यावर आपणच बसणार आहोत. तेव्हा नव्या योजनेवर सूचना मागवल्या जातील त्या वेळी मंडळाच्या सभासदांनी दोन ओळी अवश्य लिहाव्यात, ही विनंती.