पाच टनांचा हिशेब

परवा बारामतीत रेल्वेतल्या नव्या तंत्रज्ञानावरचं भाषण ऐकलं आणि पिंपळीला घरी येईपर्यंत धुसफुसत होतो. पडद्यावर जपान आलं, फ्रान्स आलं. बार्शी लाइट रेल्वेचं नावही नाही. अहो, इंदापूर ओलांडून भीमेपलीकडे गेलं की तिचं जन्मगाव कुर्डुवाडी!

छोट्या गाडीचा विषय निघाला की मला आवरत नाही, हे या सदराचे जुने वाचक जाणतातच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन सुरू केली. त्याचं डोकं बघा. हलके रूळ स्वस्त पडतात, पण जड गाडीखाली टिकत नाहीत. म्हणून त्याने ठरवलं, इंजिन असो, डबा असो की वाघीण, एका आसावर पाच टनांवर भार नको. मग दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे रूळही पुरले. इंजिन जड, तर त्याची चाकं वाढवली. आणि हे सगळं लीड्सजवळ खास रूळ टाकून आधी तपासलं. पुढे लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आपली दौंड-बारामतीही तेव्हा त्याच अडीच फुटी मापाची. याच माणसाने नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. माणसाचा जीव आणि वजन, दोन्हींचा हिशेब त्याच्या डोक्यातून जात नसे.

असं डोकं चालवणाऱ्यांच्या नव्या कल्पनांना रेल्वेने २०२२ च्या धोरणात दीड कोटीपर्यंत मदत देऊ केली, खर्च निम्मा-निम्मा. उत्तम. पण इंजिनिअरिंगच्या पोरांनी आधी दौंड मार्गावरच्या की-मॅनला भेटावं. खांद्यावर पाना, हातात हातोडा, भर उन्हात तो रुळाकडे बघत चालतो. सैल क्लिप दिसली की वाकतो, ठोकून बसवतो, हाताने चाचपतो आणि पुढच्या स्लीपरकडे वळतो. पावसाळ्यात गस्तीला काय अडतं, हे त्याच्याइतकं कोण सांगेल? त्याचं ओझं कमी करणारं एखादं अवजार केलंत, तर ते मला बुलेट ट्रेनइतकंच मोलाचं वाटेल.

पोरांकडे कल्पना आहेत, आता पैसेही मिळतील. कॅलथ्रॉपला मिळाला तसा चाचणीचा रूळ त्यांनाही हवा. बारामती स्थानकाच्या आवारात त्यासाठी एक सायडिंग राखून ठेवा, आणि चाचणी बघायला की-मॅनला पहिल्या रांगेत बोलवा.