रागीट पाहुण्याचं घर

मराठीत आपण त्याला कोळी म्हणतो. जाळं टाकून मासे धरणारा तो कोळी, आणि जाळं टाकून माशा धरणारा तोही कोळीच. कन्नडमध्ये मात्र तो ‘जेड’. या शब्दाचं नातं विणकामाशी. वचनकार जेडर दासिमय्या विणकर होते, हे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. राजकुमारांचा १९६८चा ‘जेडर बले’ ज्यांनी पाहिला, त्यांना कोळ्याचं जाळंही समजावून द्यायला नको. इथे आदिलाबादला आमचे तेलुगू शेजारी त्याला ‘सालेपुरुगू’ म्हणतात. साले म्हणजे पुन्हा विणकर, आपला साळी. मराठीने त्याची शिकार पाहिली, दोन्ही शेजारणींनी त्याचं विणकाम पाहिलं.

आज ज्या कोळ्याबद्दल लिहायचंय, त्याच्या बाबतीत शेजारणींचं म्हणणं जास्त खरं. टॅरेंट्युला नावाचा हा केसाळ, पाय पसरले तर तळहाताएवढा भरणारा कोळी हवेत गोल जाळं बांधून शिकार धरत नाही. त्याचं रेशीम बरंचसं खर्च होतं ते घराला आतून अस्तर लावण्यात.

विषय निघाला तो माझ्या बिदरच्या ताईमुळे. तिचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. तिकडे टॅरेंट्युला पाळणारी मंडळी पुष्कळ. यानेही एक घेतला, तिथेच पैदास झालेला, पोएसिलोथेरिया कुळातला. गंमत अशी की हे कूळ मुळात आपलंच. भारत आणि श्रीलंका सोडून निसर्गात ते कुठेही नाही. ताईचा फोन आला, “अरे, तू प्राध्यापक ना? त्याला काहीतरी सांग. झाकण उघडलं की ते मेलं पुढचे पाय उगारून अंगावर येतं म्हणे. देऊन टाक म्हटलं तर ऐकत नाही.”

आता मी शिकवतो मराठी. पण आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना बरोबर घेऊन भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. सरांनी कोळ्याकडे पाहिलंच नाही, पेटी पाहिली. माशांची असते तशी काचेची, लांब आणि बुटकी. तळाला बोटभर कोकोपीट, कोपऱ्यात अर्धी करवंटी, बाकी सगळं उघडं मैदान. सर म्हणाले, “त्याला पाठ टेकायला जागा कुठे आहे?”

सगळी मेख इथेच आहे, वाचकहो. पाय उगारणं ही चढाई नव्हे, ती माघारीची वाट बंद झाल्याची खूण. या कोळ्याला नीटसं दिसतही नाही. जग त्याला कळतं ते पायांना जाणवणाऱ्या कंपनांतून. झाकण करकरलं, की त्याच्या लेखी भूकंप. जवळ बीळ असेल तर तो निमूट आत जातो. नसेल तर उभा राहतो. आपल्याही घरांत कुणी सारखं वस्सकन अंगावर येत असेल, तर त्याला स्वतःचा कोपरा आहे का, हे आधी पाहावं. असो.

घर कसं असावं, हे कोळी कुठला त्यावर ठरतं. झाडावर राहणाऱ्याला उंची हवी. पोएसिलोथेरिया जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. मोठ्या कोळ्याला साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच पेटी पुरते. बाटल्यांची बुचं ज्या झाडाच्या सालीची करतात, तिचा पोकळ नळा आत उभा टेकवायचा, की झाली ढोली. जमिनीत बीळ करणाऱ्याला उलट हवं: खोल माती आणि कमी उंची. हे जड अंगाचे कोळी काचेवर चढून वरून पडले तर पोट फुटून मरतात. म्हणून माती भरपूर भरायची, मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कमी ठेवायचं.

बाकीच्या गोष्टी दोघांनाही सारख्याच. हवा खेळायला दोन बाजूंनी बारीक भोकं. पाण्याचं छोटं भांडं. जागा सावलीची, पेटीवर ऊन किंवा दिवा नको. झाकणाला कडी पक्की. दार लपण्याच्या जागेपासून लांब, म्हणजे भांडं भरताना आपला हात त्याच्या उंबऱ्यावर जात नाही. तरी हात आत घालायचाच नाही; फूटभर लांब चिमटा ठेवायचा. कात टाकायच्या दिवसांत तो खात नाही. तेव्हा खायला सोडलेला रातकिडा बाहेर काढायचा, नाहीतर मऊ पडलेल्या कोळ्यालाच तो कुरतडतो. घर बदलायचं असेल तर दोन्ही पेट्या एका मोठ्या टबात ठेवायच्या आणि मऊ ब्रशने मागून हळूच सरकवायचं. पोएसिलोथेरिया डोळ्याचं पातं लवायच्या आत पळतो. त्याच्या चाव्याने माणूस मेल्याची नोंद नाही; पण वेदना जबर, आणि स्नायूंचे पेटके कित्येकदा काही दिवस येत राहतात. तेव्हा तळहातावर घेऊन फोटो काढायची हौस नको.

भाच्याने पेटी बदलली. दोन-अडीच आठवड्यांत कोळ्याने सालीच्या नळ्याला रेशमाचं अस्तर लावलं, तोंडाशी मातीचे कण चिकटवले. आता झाकण उघडलं की तो आत सरकतो. ताईची तक्रार वेगळीच, “एवढा खर्च केला, आणि ते दिसतच नाही!” ताई, दिसत नाही म्हणजेच सुखात आहे.

हे वाचून आपल्याकडच्या पोरांनी मात्र बरण्या घेऊन रानात निघू नये. याच कुळातल्या निळ्याशार मेटॅलिकाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८९९मध्ये पोकॉक यांनी त्याचं वर्णन केलं, ते अनंतपूर जिल्ह्यातल्या गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडलेल्या कोळ्यावरून. पुढे शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. २००१ साली सापडला तो तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. म्हणजे गुत्तीचा तो पहिला कोळी बहुधा ओंडक्यांबरोबर रेल्वेने आला असावा, आपलं घर पाठीशी घेऊनच! २००८मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी मुलूख, आणि तिथेही झाडं तुटतायत.

चोरटा व्यापार दोन्ही दिशांनी चालतो. २०२१च्या जुलैमध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर आत डब्यांतून १०७ जिवंत कोळी. पोएसिलोथेरियाचं सगळं कूळ २०१९पासून सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ला दुरुस्ती झाली आणि २०२४ला नियम आले. त्यानुसार असा परिशिष्टातला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’वर नोंदणी करायला हवी. आणि कवालसारख्या अभयारण्यातून तर कुठलाही जीव उचलून आणणं हा गुन्हाच.

आदिलाबादचे २०१६मध्ये चार जिल्हे झाले, पण रान अजून एकच आहे. जुन्या झाडाची ढोली, ओढ्याकाठची दरड, शेताचा न नांगरलेला बांध, ही तयार घरं. ती आपल्याला बांधावी लागत नाहीत, नुसती मोडायची नाहीत.

राहता राहिला पावसाळा. या दिवसांत नर मादीच्या शोधात फिरतात आणि चुकून एखादा घरात शिरतो. तेव्हा चप्पल उचलू नका. मुलांना बाजूला करा. लांबूनच रुंद तोंडाची बरणी वरून पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, आणि बांधाशी नेऊन बरणी आडवी करा. क्षणभर पाय उगारेल. मग अंधाराची फट दिसली, की निघून जाईल.