प्रवाशाचे गाठोडे आणि सरकारचा रस्ता

गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन रात्री पळस्पे फाट्यापासून मुंबई-गोवा महामार्गावर जी वाहनांची रांग लागते, तिच्यातील कोणत्याही एका मोटारीची डिकी उघडून पाहावी. पाण्याच्या बाटल्यांचे खोके, दशम्या, लसणीची चटणी, मुलांसाठी बिस्किटांचे पुडे, उलटीवरच्या गोळ्या, विजेरी, दोरखंड, छत्र्या, ताडपत्रीचा तुकडा, जुनी वर्तमानपत्रे आणि एक रिकामी बादली, असा सारा संसार तीत भरलेला असतो. मुक्काम श्रीवर्धनचा असो, मुरुडचा असो की महाडजवळच्या एखाद्या खेड्याचा; अंतर फार तर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर आणि पनवेल ओलांडल्यापासून पोलादपूरपर्यंतचा सारा रस्ता एकाच जिल्ह्यातला. एवढ्याशा प्रवासासाठी एवढी सिद्धता कशाला, असा प्रश्न परक्या माणसाला पडेल. या रस्त्याने दहा वर्षे गेलेल्या चाकरमान्याला तो पडत नाही.

लांबच्या प्रवासात बरोबर काय न्यावे, याच्या याद्या सुट्ट्यांच्या हंगामात सर्वत्र छापून येतात. त्यांत व्यवहारी शहाणपण असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशी यादी उलट्या बाजूनेही वाचता येते. प्रवासी जी वस्तू घरून नेतो, ती वाटेत मिळणार नाही, निदान मिळेल असा भरवसा नाही, हेच तो सांगत असतो. त्या दृष्टीने पाहिल्यास गाठोड्याचे वजन हे सार्वजनिक व्यवस्थेवरील अविश्वासाचे वजन ठरते, आणि ते वाहण्याचा खर्च हा कोणत्याही अर्थसंकल्पात न दिसणारा एक कर ठरतो. उघड कर प्रवासी भरतोच. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठीचा केंद्रीय उपकर त्याच्याकडून वसूल होतो. रस्ते आणि पूल बांधणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, असे अॅडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले. सरकार व्यापारात नको म्हणणाऱ्या त्या पंडितानेही ही जबाबदारी व्यापाऱ्यावर किंवा वाटसरूवर टाकली नव्हती.

पूर्वीही लोक शिदोरी नेतच होते की, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. बोटीने रेवस-धरमतरला उतरून पुढे पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्या माणसाच्या हाती भाकरीचे फडके आणि फिरकीचा तांब्या असेच. मात्र त्या तांब्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तो तांब्या केवळ तहानेसाठी नव्हता. दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यावयाचे नाही, या नियमासाठीही होता. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावण्याची मुभाच नव्हती, त्यांचा प्रवास तर आणखी कठीण. याच महामार्गावरील महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी सर्वांचे आहे हे प्रस्थापित करण्यासाठी. त्यासाठी पुढे दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या हक्कावर शिक्कामोर्तब केले. पाणी सर्वांचे ठरले. आणि आज त्याच महाडवरून जाणारा प्रत्येक जण आपापले पाणी विकत घेऊन, बाटलीत बंद करून जात आहे. ज्याच्या खिशात पैसे, त्याच्या हातात बाटली. जातीची अट गेली आणि तिच्या जागी किमतीची आली.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाची गंमत अशी, की पाणपोईवर एखाद्या गृहस्थाने दिवसभर फुकट पाणी वाटले तर त्याच्या श्रमाची नोंद कोठेच होत नाही. बाटली विकली गेली की मात्र उत्पन्न वाढल्याचे दिसते. रस्ता वाईट म्हणून गाडीचे टायर लवकर झिजले, तरी नव्या टायरची विक्री वाढीच्याच खात्यात पडते. चाकरमानी दरवर्षी गाठोडे मोठे करीत आहे, याचा अर्थ तो सधन झाला असा घेण्याची घाई करू नये.

या कराचा सर्वांत जाचक हप्ता स्त्रिया भरतात. पाण्याच्या बाटल्या भरपूर घेतलेल्या असूनही वडखळपासून माणगावपर्यंत घरातील बायका घोटभरदेखील पाणी पीत नाहीत, हे दृश्य या वाटेवर नवे नाही. कारण सर्वांना ठाऊक असते, पण ते बोलले जात नाही. कोंडीत सहा-सात तास अडकलेल्या गाडीतील मधुमेही आजीला, गरोदर सुनेला किंवा शाळकरी मुलीला स्वच्छ, दार लागणारे, दिवा असलेले स्वच्छतागृह कोणत्याही पिशवीत घालून नेता येत नाही. तेव्हा त्या तहान नेतात. उन्हाळी लागण्याचा त्रास गावी पोहोचल्यावर सुरू होतो, आणि त्याचे बिल रस्त्याच्या नावावर कोणी मांडत नाही.

मोटारवाल्याला निदान डिकी तरी आहे. एस.टी.ने निघालेल्या गिरणगावातल्या किंवा नालासोपाऱ्यातल्या कुटुंबाला मांडीवर मावेल तेवढेच नेता येते, आणि गाडी कोठे, किती वेळ थांबेल हेही त्यांच्या हाती नसते. गाठोड्याने ज्यांची सोय होते त्यांचा आवाज मोठा, आणि ज्यांची होत नाही ते रांगेत मागे. सोय स्वतःपुरती करून घेता येऊ लागली की सार्वजनिक सोयीसाठी भांडणारे कमी होतात. शाळा आणि इस्पितळे यांच्या बाबतीत आलेला हा अनुभव रस्त्यालाही लागू आहे.

अर्थात सगळेच सरकारवर ढकलावे असेही नाही. आपली नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, जादा चष्मा, हवा भरलेले जादा चाक, प्रथमोपचाराची पेटी आणि बिघडलेल्या गाडीमागे दूरवर मांडावयाचा तांबडा चकाकणारा त्रिकोण, ही ज्याची त्याची जबाबदारी होय. विशेषतः किनाऱ्याच्या वाटेला लागणाऱ्याने सुट्टे पैसे आणि कागदावर लिहिलेले चार दूरध्वनी क्रमांक अवश्य जवळ ठेवावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाइल मुके झाले आणि त्यांच्यातील पैसेही. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेश्वी येथे खाडी ओलांडावयाची असल्यास शेवटची फेरी केव्हा सुटते, हे आधी विचारून घेणे हाही सामानाचाच भाग आहे. आणि एक रिकामी पिशवी न्यावी. मुंबईहून कांद्या-बटाट्यासकट सर्व भरून नेणारा पाहुणा किनाऱ्यावर प्लास्टिकखेरीज फारसे काही ठेवून येत नाही. अलिबागचा पांढरा कांदा आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाडीत पिकते, तेथेच ती घेतली, तर वादळाने मोडलेल्या बागाईतदाराच्या हाती चार पैसे पडतील.

परंतु माणसाने कितीही शहाणपणाने बांधाबांध केली, तरी प्रवासाची जी खरी निकड, ती गाठोड्यात मावत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. बसगाड्या आणि एक मोटार काळोखात नदीत गेली. त्या प्रवाशांनीही घरून निघताना डबा, पाणी, छत्री घेतलीच असेल. पूल शाबूत आहे की नाही, हे त्यांनी पाहून घ्यावयाचे नव्हते; ते पाहण्यासाठी पगारी माणसे आणि स्वतंत्र खाते होते. दुर्घटनेनंतर दहा महिन्यांच्या आत त्याच ठिकाणी नवा पूल उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर काम होते. मग महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातल्यावर पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा दशक उलटून गेले तरी रखडतो कसा, आणि इंदापूर व माणगाव येथील वळणरस्ते २०२५ च्या गणेशोत्सवातही अपुरे कसे राहतात, याचे उत्तर कोणत्या तरी मंत्र्याने आकडेवारीनिशी विधिमंडळात द्यावयास हवे. भूसंपादन, ठेकेदार आणि पाऊस ही तीन कारणे लोकांची तोंडपाठ झाली आहेत.

तोवर एक लहान गोष्ट करण्यासारखी आहे. दरवर्षी गणपतीच्या दिवसांत प्रशासन या रस्त्यावर ठिकठिकाणी सुविधा केंद्रांचे मंडप उभारते. तेथे रुग्णवाहिका असते, क्रेन असते, पिण्याचे पाणी असते, कोठे मुलांना दूध पाजण्यासाठी आडोसाही असतो. अवजड वाहनांना बंदी होते आणि कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पथकर माफ होतो. व्यवस्था परिपूर्ण नसेल, पण काय लागते हे सरकारला नेमके ठाऊक आहे, हे त्यावरून सिद्ध होते. पेण, कोलाड, माणगाव, महाड या चार ठिकाणी हीच केंद्रे पक्क्या बांधकामात, बाराही महिने आणि रात्रीच्या दिव्यासह चालविण्यास येणारा खर्च महामार्गाच्या एकूण खर्चात नजरेतही भरणार नाही. सध्या विसर्जन झाले आणि परतीची गर्दी ओसरली की मंडपाचे बांबू उतरतात, पाण्याची टाकी टेम्पोत चढते आणि क्रेन परत जाते. शिमग्याला तोच चाकरमानी त्याच रस्त्याने पुन्हा गावी निघतो, तेव्हा तेथे मंडपाचे खड्डे तेवढे असतात.