तोळाभर शिसं

मंडळी, आधीच सांगून ठेवते, आजचा विषय शिकारीचा आहे, आणि त्यातही गोळ्यांचा. ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. (मावशी, तू तर वाचूच नकोस. पुढच्या वेळी पुरणपोळीवर लिहीन, शप्पथ!)

मी मिनेसोटात राहते आणि दर नोव्हेंबरात रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाते, हे घरच्यांना आता सवयीचं झालंय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हे सगळं बंद, आणि ते बंद आहे तेच बरं आहे. इथे मात्र पांढऱ्या शेपटीची हरणं मायंदाळ आहेत आणि सरकारच हंगाम ठरवून देतं. ‘मुळात मारतेसच का’ ह्यावर माझे नातेवाइकांशी फोनवर तासन्‌तास वाद झालेत, ते आज उकरून काढत नाही. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. मारायचंच ठरलं, तर कशाने?

इथल्या लोकांना हे विचारून बघा, जेवणाची वेळ टळून जाईल. एक म्हणेल थर्टी-थर्टी, १८९५ पासून चालत आलंय. दुसरा म्हणेल थर्टी-ऑट-सिक्स, १९०६ चं, त्याच्या आजोबांनी त्यावर घर पोसलं. कुणाचं टू-सेव्हंटी, कुणाचं थ्री-ओ-एट. आणि २००७ मध्ये ते सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर आल्यापासून तर तरुण पोरांना दुसरं काही दिसतच नाही. मिसळ कोल्हापूरची की पुण्याची, त्यातलाच हा प्रकार. माझं स्पष्ट मत असं की शंभर मीटरच्या आत, म्हणजे आमच्या झाडीत जेवढं लांब दिसतं तेवढ्या अंतरावर, ह्यातलं कुठलंही काडतूस हरणाला पुरून उरतं. भांडायचंच असेल तर काडतुसाच्या नावावरून नको, त्याच्या टोकाला बसवलेल्या गोळीवरून भांडा.

काडतूस म्हणजे अख्खं प्रकरण : पितळी पुंगळी, आत दारू, तळाला ठिणगी देणारी टोपी आणि तोंडाशी गोळी. उडून जाते ती फक्त गोळी. तिचं वजन अजूनही ग्रेनमध्ये मोजतात. मला हे कळलं तेव्हा भारी मजा वाटली, कारण आपला तोळा म्हणजे इंग्रजांनी ठरवून दिलेले बरोबर १८० ग्रेन! थर्टी-ऑट-सिक्सची जुनी, लोकप्रिय जड गोळी १८० ग्रेनची. म्हणजे सराफाच्या तराजूत टाकली तर नेमकी तोळाभर. सोन्याचा तोळा कुठे आणि हा कुठे, असो.

आता ही गोळी करते काय? लोकांना वाटतं हरीण ‘धक्क्याने’ मरतं. तसं नाही. पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीत गोळी लागली की दोन्ही फुफ्फुसं फाटतात, रक्तदाब कोसळतो, आणि बहुतेक वेळा ते पन्नास-शंभर मीटर धावून काही सेकंदांत कोसळतं. धावतं, हे लक्षात घ्या. सिनेमातल्यासारखं जागच्या जागी पडेलच असं नाही. म्हणून गोळी आत जाऊन उमलायला हवी. टोक चपटं होऊन अळंबीसारखं पसरायला हवं, व्यास जवळजवळ दुप्पट व्हायला हवा, आणि तरीही पलीकडून बाहेर पडण्याइतका जोर उरायला हवा. सैन्यात वापरतात तशी पूर्ण धातूच्या कवचाची गोळी उमलत नाही. ती सुईसारखी आरपार जाऊ शकते, आणि ते जनावर मैलभर जाऊन दुसऱ्या दिवशी कुठेतरी तडफडून मरतं.

इथे इतिहासातला एक विचित्र पेच आहे, आणि त्याचा धागा आपल्याकडे येतो. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार केली. सरहद्दीवरच्या लढवय्यांना कवचाच्या गोळ्या आरपार जाऊनही ते थांबत नाहीत, ही तक्रार होती. तीच ती कुप्रसिद्ध दमदम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असा जाहीरनामा झाला, कारण माणसावर तसली गोळी म्हणजे क्रौर्य. आणि हरणाच्या बाबतीत कायदा बरोबर उलटा! मिनेसोटाचा नियम सांगतो की गोळी मऊ टोकाची किंवा उमलणारीच हवी. इंग्लंडचा १९९१ चा हरणांचा कायदाही तेच सांगतो. युद्धात माणूस जखमी होऊन बाजूला झाला तरी काम भागतं. हरणाला जखमी करून सोडण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. मला हा उलटा नियम पूर्ण पटतो.

जखमी जनावराच्या मागावर एकदा गेलेलं माणूस गोळीबद्दल थट्टा करत नाही. बर्फावर रक्त वाचायला शिकावं लागतं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस. अर्धा तास थांबा, जवळच मिळेल. काळपट लाल असेल तर यकृत, मग काही तास थांबायचं. आणि हिरवट, आंबूस वासाचं असेल तर गोळी पोटात गेली आहे. तेव्हा मागे धावायचं नाही, सहा-आठ तास, कधी रात्रभर वाट पाहायची. नाहीतर ते उठून आणखी लांब जातं. ती वाट पाहणं फार जड जातं हो. पलीकडून बाहेर पडलेली गोळी माग ठेवते, आत अडकलेली किंवा फुटलेली पुष्कळदा ठेवत नाही.

फुटलेली! खरा मुद्दा इथे आहे. जुन्या पद्धतीची गोळी म्हणजे तांब्याचं पातळ कवच आणि आत शिशाचा गाभा. वेगात आदळली की ती उमलते आणि उमलता उमलता झडते. २००८ साली शेजारच्या नॉर्थ डाकोटात, गरिबांसाठी दान दिलेल्या हरणाच्या खिम्याचे एक्स-रे काढले, तर बऱ्याच पाकिटांत धातूचे कण निघाले. तिथल्या आरोग्य खात्याने ते मांस वाटू नका म्हणून सांगितलं. त्याच वर्षी मिनेसोटाच्या नैसर्गिक संपत्ती खात्याने मेलेल्या मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. झटपट फुटणाऱ्या गोळ्यांनी प्रत्येक धडात सरासरी शंभराहून जास्त तुकडे सोडले, आणि काही कण जखमेपासून फूटभराहून लांब सापडले. जखमेभोवतीचं मांस कापून टाकलं की झालं, हा समज तिथेच संपला. नॉर्थ डाकोटात सातशेहून जास्त लोकांचं रक्तही तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं. फार नाही, त्या वेळच्या धोक्याच्या रेषेखाली सगळेच होते. पण तिथल्या आरोग्य खात्याने सांगितलं की गरोदर बायकांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीचं मांस खाऊ नये.

गरुडांचं तर विचारूच नका. शिकारी आतडी-कोथळा रानातच टाकून येतात, ते गरुड खातात. २०२२ मध्ये ‘सायन्स’ मासिकात ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास आला. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ शिसं साठल्याच्या खुणा होत्या.

ह्यावर उपाय आहे, आणि तो काही काल-परवाचा नाही. नुसत्या तांब्याची गोळी १९८० च्या दशकापासून आहे. ती पाकळ्यांसारखी उमलते आणि वजन जवळजवळ तेवढंच राखते. माझ्या शेजारच्या आजोबांचा तिला विरोध आहे आणि त्यांचे सगळेच मुद्दे खोटे नाहीत. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक नळीला मानवत नाही. बऱ्याचशा तांब्याच्या गोळ्या वेग सेकंदाला ६०० मीटरच्या खाली गेला की नीट उमलत नाहीत, आणि आजोबांच्या थर्टी-थर्टीचा वेग शंभर मीटरवर साधारण तिथेच येऊन टेकतो. त्यावर उत्तर असं की तोळ्यावरून १५० ग्रेनवर या, वेग वाढतो. आणि कमी वेगासाठी वेगळ्या घडवलेल्या तांब्याच्या गोळ्याही मिळतात, त्या थर्टी-थर्टीत चालतात. किंमत जास्त आहे, मान्य. पण हंगामाला वीस काडतुसांचं एक खोकं सरावासकट पुरतं. आजोबांचं शेवटचं अस्त्र म्हणजे, ‘सत्तर वर्षं खातोय, मला काय झालं?’ त्यावर मी काय बोलणार? वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायची आपल्याला सवय नाही :)

कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर गिधाडांपायी २०१९ च्या जुलैपासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंदच केल्या. सगळीकडे तशी बंदी हवी का, ह्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. बंदी म्हटलं की इथली माणसं हट्टाला पेटतात. पण एका बाबतीत माझं मत पक्कं आहे. स्वतःच्या पोटात काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, दानाचं मात्र तसं नाही. अन्नछत्राच्या रांगेतली बाई पाकीट घेताना ‘गोळी कसली होती हो?’ असं विचारू शकत नाही. तिच्या कडेवर दोन वर्षांचं मूल असतं. त्यातून दानाचं मांस बहुधा खिमा असतं, आणि कण सगळ्यात जास्त खिम्यातच सापडतात. तेव्हा ज्याला हरीण दान करायचंय त्याने ते तांब्यानेच मारलं पाहिजे. नाहीतर घरी न्यावं आणि स्वतः खावं.

आमच्या गावातला खाटीक चार जणांची हरणं एकाच यंत्रातून काढतो, म्हणून मी गेली काही वर्षं घरीच कापते. आजोबा सुरी धरायला येतात. जाताना मागची मांडी नेतात, अख्खी, खिमा नको म्हणतात.