पेशंटसोबत राहणाऱ्याचा हिशेब

मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



मिठबावात कोणी आंब्याच्या कलमावरून खाली आला, किंवा सागरी महामार्गाच्या एखाद्या वळणावर दुचाकीसकट फेकला गेला, की त्याचा पुढचा मार्ग ठरलेलाच असतो. १०८ ला फोन, देवगड नाहीतर कणकवली, तिथून ओरोसचे जिल्हा रुग्णालय. डोक्याला किंवा मणक्याला मोठा मार असेल तर बहुतेक वेळा त्याच्याही पुढे: खाली बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, नाहीतर फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरीवरून, म्हणजे आपल्याच मतदारसंघातून, कोल्हापूर. या वाटेवर गाडी बदलते, डॉक्टर बदलतात, केसपेपर बदलतो, बांबोळीला गेले तर राज्यही बदलते. बदलत नाही ते एकच माणूस, पेशंटच्या सोबतीला आलेले. गंभीर अपघातानंतरच्या उपचारांचा फार मोठा हिस्सा हे माणूस स्वतःच्या हातांनी करते, आणि तरीही अपघाताच्या योजना आखताना त्याचा हिशेब कोणी धरत नाही. तो धरावा, असे सांगण्यासाठी हे पत्र आहे. त्यासाठी नवे काही शोधून काढायचीही गरज नाही. दाखला आपल्याच खात्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी सरकारने जे केले त्याचे श्रेय द्यायला हवे. अपघातग्रस्ताला आधी वाचवा, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात बजावले. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे अपघात विमा योजना मंजूर झाली, तीत पहिल्या ७२ तासांतल्या उपचारांसाठी ३० हजार रुपयांची तरतूद होती. २०२३ च्या निर्णयाने रस्ते अपघातासाठीची मर्यादा एक लाखावर गेली आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच कुटुंबामागे पाच लाखांचे झाले. केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली आणि ४ लाख ४३ हजारांवर जखमी झाली, हे पाहता यातला एकही निर्णय अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र बारकाईने पाहिले तर अपघातासाठी म्हणून खास आखलेल्या या तरतुदी बहात्तर तास, सात दिवस अशा मापाने मोजलेल्या आहेत. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे बरे होणे महिन्यांच्या मापाने चालते. कलमावरून पडलेल्याला तर रस्ते अपघाताची योजना लागूच होत नाही. त्याच्यासाठी फुले योजना आहे, आणि शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना. ती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांची भरपाई करते. अपंगत्व येऊ नये म्हणून मधले चार-सहा महिने जे कोणी झटते, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

हे झटणे म्हणजे नेमके काय, ते थोडे जवळून पाहू. कमरेखाली संवेदना गेलेला रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे असतात आणि शेवटी ‘बॅक केअर’ असे दोन शब्द. या दोन शब्दांचा अर्थ असा की दर दोन तासांनी, रात्री बारा, दोन आणि चार वाजतासुद्धा, त्याची कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खवाटे इथली कातडी लाल तर झाली नाही ना हे रोज उजेडात बघायचे. कारण रुग्णाला तिथे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच जखम हाडापर्यंत जाते. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली राहील असे बघायचे. नाकात नळी असेल तर उशाकडची बाजू उंच केल्याशिवाय पेज सोडायची नाही, नाहीतर ती फुप्फुसात उतरते. आणि आमच्याकडे घरोघर असलेली शेक देण्याची सवय आवरायची, कारण बधिर पायाला गरम पाण्याच्या पिशवीचा चटका बसला तरी तो माणूस हूं की चूं करत नाही. दोन तासांनी कूस बदलण्याची ही शिस्त लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात बसवली, तोवर मणका मोडलेली माणसे बहुधा बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. तिथे हे काम पगारी परिचारिका करत होत्या. आमच्याकडे ते आई करते, बायको करते, नाहीतर मुंबईहून बिनपगारी रजा टाकून आलेला भाऊ करतो. शिकवलेले कोणालाच नसते.

रुग्णालयाला नातेवाईक लागतोच, याबद्दल दुमत असू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात गाडीच्या धडकेने कोमात गेली. तिथल्या सुसज्ज रुग्णालयालाही मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्या घरच्यांची संमती हवी होती आणि पुढच्या निर्णयांसाठी घरचे माणूस जवळ हवे होते. वडिलांच्या व्हिसासाठी सगळा महाराष्ट्र हळहळला, केंद्र सरकारने शब्द टाकला, आणि व्हिसा मिळाला. योग्यच झाले. पण अमेरिकेला जाणाऱ्या बापाची निकड आपल्याला जशी झटकन कळते, तशी बांबोळीच्या आवारात चटई टाकून बसलेल्या बापाची कळत नाही. जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. लोक रस्त्यावर उतरले ते शुल्कासाठी. सोबत राहणाऱ्याच्या खाण्यापिण्यासाठी, एसटीच्या भाड्यासाठी, बुडालेल्या रोजासाठी कोणी उतरत नाही. तो खर्च घरातल्या घरात जिरतो, कधी सोनारापाशी, कधी बागेचा पुढचा हंगाम आधीच कराराने देऊन. फुले योजनेच्या पॅकेजात रुग्णाचे जेवण धरलेले आहे, एकवेळचे परतीचे भाडेही धरलेले आहे. त्याच्या उशाशी बसलेल्याने जेवायचे कुठून, हा प्रश्न योजना विचारत नाही.

या कामाची किंमत कोणी केलीच नाही असेही नाही. लहानपणी अपघातात सापडून शंभर टक्के अपंग झालेल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दोन सोबत्यांचे दरमहा पाच-पाच हजार धरून, १८ च्या गुणकाने, केवळ देखभालीपोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. म्हणजे न्यायालय या कामाला खर्च मानते. फक्त तो निकाल अपघातानंतर बारा वर्षांनी आला, आणि समोर वाहन व विमा कंपनी असेल तरच असा दावा उभा राहतो. कलमावरून पडलेल्याने कोणावर दावा लावायचा?

आता तो दाखला. आदिवासी भागात, नवसंजीवनी योजनेखाली, रुग्णालयात दाखल केलेल्या बालकासोबत राहणाऱ्या आईला किंवा नातेवाइकाला आपले खाते बुडीत मजुरी देते, सोबत आहारही देते. ही तरतूद का करावी लागली हे मेळघाटात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक आहे: मजुरी बुडते म्हणून आई मूल घेऊन मधूनच निघून जायची आणि उपचार अर्धवट राहायचे. हेच तर्कशास्त्र अपघातग्रस्ताला तंतोतंत लागू पडते. माझी मागणी म्हणून मोजकी आहे. मेंदूच्या, मणक्याच्या आणि अनेक हाडे मोडलेल्या रुग्णांसोबत राहणाऱ्या एका माणसाला, रुग्णालयातल्या दिवसांसाठी आणि घरी आल्यावर ठरावीक आठवड्यांसाठी, किमान वेतनाशी जोडलेली बुडीत मजुरी द्यावी. अपघात रस्त्यावर झाला की झाडावर, हे विचारू नये. आणि ही रक्कम सोबत राहणाऱ्याच्याच खात्यात जावी. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांची देखभाल करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटे घालवतात, पुरुष ७६. रुग्ण बिछान्याला खिळला की हे अंतर आणखी वाढत असणार, हे कळायला सर्वेक्षण लागत नाही. आंब्याच्या पेट्या भरायला जाणारी बाई महिनाभर गेली नाही तर तिचा रोज बुडतो, पण कुटुंबप्रमुखाच्या उत्पन्नात तो कधी लिहिलेलाच नसतो.

यावर पहिला आक्षेप संस्काराचा येईल: आपल्या माणसाची सेवा करायला पैसे कसले? हा आक्षेप घेणारे सहसा महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे असतात, हे जाता जाता नमूद करतो. बाळंतपणाची पगारी रजा दिल्याने आईची माया पातळ झाल्याचे ऐकिवात नाही. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून दरमहा ६०० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिथली कुटुंबव्यवस्था त्यामुळे मोडली नाही. दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. ताप-खोकल्याच्या नावाखाली असे अनुदान दिले तर तो खरा ठरेल. मोडलेल्या मणक्याचा एमआरआय असतो, शस्त्रक्रियेची नोंद असते. खोटा रुग्ण उभा करणे इथे फार अवघड आहे. तिसरा आक्षेप डॉक्टरांचा आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो: नातेवाइकांच्या गर्दीने वॉर्ड चालवणे मुश्कील होते, हाणामाऱ्या होतात, २०१० मध्ये त्यासाठी राज्याला कायदा करावा लागला. पण गर्दी आणि सोबती एक नव्हेत. ज्याचे नाव नोंदवले आहे, ज्याला रोज काय चालले आहे ते सांगितले जाते आणि हातात काम दिले आहे, असे एक माणूस असले की बाकीच्या वीस जणांना बाहेर थांबवणे सोपे जाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे मुरलेले आहे. तिथला पुनर्वसन विभाग उभारणाऱ्या डॉ. मेरी व्हर्गीस स्वतः १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या होत्या. त्या संस्थेत रुग्णासोबत घरचे माणूस राहते आणि शिकूनच घरी जाते.

शिकवण्याच्या मुद्द्यावर मात्र माझ्या बाजूला न बसणारा एक पुरावा मला मांडलाच पाहिजे. पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम आणि देखभाल शिकवली तर काय होते, याची मोठी चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत, १,२५० रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा महिन्यांनी पाहिले तर शिकवलेल्या गटात ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते, न शिकवलेल्या गटातही ४७ टक्केच. पक्षाघाताचा रुग्ण वयस्क आणि अपघाताचा तरुण, अशी पळवाट काढता येईल. मला काढायची नाही. या निकालातून मी एवढे घेतो की घरच्यांच्या खांद्यावर भौतिकोपचार तज्ज्ञाचे काम टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. बुडीत मजुरी मागतो ती म्हणूनच प्रशिक्षणाच्या बदल्यात नव्हे. प्रशिक्षण हवेच, पण ते कातडी, नळी आणि पिशवी सांभाळण्यापुरते, म्हणजे नातेवाइकाला रोज जे करावेच लागते तेवढ्यापुरते. चालायला शिकवणे हे तज्ज्ञाचे काम आहे, आणि तो आठवड्यातून एक ठरलेला दिवस मिठबावसारख्या गावाच्या जवळच्या आरोग्य केंद्रात बसला पाहिजे. मणका मोडलेल्या माणसाला गाडी करून दर आठवड्याला ओरोसला न्यायचे तर एका खेपेचे भाडे घरातल्या बाईच्या कित्येक दिवसांच्या रोजाएवढे होते. दोन खेपांनंतर जाणे थांबते, मग सांधे आखडतात. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, खडकीला जायबंदी सैनिकांसाठी उत्तम केंद्र आहे. किनाऱ्यावरच्या बागायतदाराला आणि खलाशाला या दोन्हींचा उपयोग शून्य.

‘आधी रिक्त पदे भरा, मग असले लाड करा,’ असे आमच्या जिल्ह्यातलेच बरेच जण म्हणतील. पदे भराच. पण न्यूरोसर्जन मिळायला वर्षे लागतात, आणि बुडीत मजुरीचा शासन निर्णय निघायला एक बैठक पुरते. शिवाय परिचारिका कमी असतात तिथेच नातेवाइकावर जास्त काम पडते, म्हणजे पदे रिकामी असण्याचा भुर्दंड आजही तोच भरतो आहे.

फाइल वित्त विभागाकडे गेली की पहिला शेरा खर्चाचा पडेल. त्याचे उत्तर आपल्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे आहे. मेंदूच्या आणि मणक्याच्या दुखापतीचे किती रुग्ण डिस्चार्जनंतर बेडसोर, मूत्रसंसर्ग किंवा न्यूमोनियासाठी पुन्हा दाखल झाले आणि त्यांच्यावर योजनेतून किती रक्कम गेली, हे दाव्यांच्या नोंदींतून काढता येते. ते आकडे जिल्हावार काढून जाहीर करावेत. त्यांच्या शेजारी, तेवढ्याच रुग्णांच्या सोबत्यांना तीन महिने बुडीत मजुरी दिली तर किती लागेल तो आकडा ठेवावा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर आपण नकार द्या, पण तो आकड्यांसकट द्या. लहान निघाला तर पहिले वर्ष सिंधुदुर्गात करून पाहावे: जिल्हा लहान आहे, रुग्ण मोजता येण्याइतके आहेत, आणि आशा सेविका वाडीवाडीत जातात, त्यामुळे घरी कोण कोणाची कूस बदलते आहे हे तपासायला वेगळा निरीक्षक नेमावा लागणार नाही.

कळावे,

आपला,
एक नागरिक
मिठबाव, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग