घाटातला पाऊस आणि जॅकेटाची पारख

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरून तळकोकणात वसुलीस जाणारी माणसे अनेक पेढ्यांत आहेत. खाली मोटारसायकल, पाठीवर पिशवी, तीत बिलबुके आणि मालाचे नमुने. गगनबावडा हे राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक. तेथे पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. या माणसांसाठी जूनच्या पहिल्या सरीनंतर घाईने स्वस्तातले जॅकेट घेतले जाते आणि ऑगस्टपर्यंत त्याचे खांदे गळू लागतात. मालकाचे भारी जॅकेट मात्र कपाटात कोरडे असते, कारण मालक मोटारीने जातो.

कापडाच्या पेढीवर वाढलेल्यांना डेनियर हे माप सांगावे लागत नाही: ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. खिशात मावणाऱ्या हलक्या जॅकेटाचे कापड बहुधा २० ते ४० डेनियरचे असते. पिशवीच्या पट्ट्याचे रोजचे घर्षण ते फार दिवस सोसत नाही. राबत्या वापराला ७० डेनियर किंवा त्याहून जाड कापड हवे.

लेबलावरील दुसरा आकडा मिलिमीटरमध्ये असतो आणि ग्राहक त्याची सांगड पावसाच्या मिलिमीटरशी घालतो. तो अर्थ चुकीचा आहे. १०,००० मिमी म्हणजे कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी तेवढ्या दाबाला पाणी आत येत नाही. शिवाय हा आकडा केवळ कापडाचा असतो, शिवणीचा नव्हे. सुईचे प्रत्येक छिद्र ही पाण्याची वाट. म्हणून जॅकेट उलटे करून पाहावे. आतल्या बाजूने सर्व शिवणींवर उष्णतेने चिकटवलेली पट्टी असावी. पुष्कळदा ती खांद्यांवरच असते आणि काखेत संपते. चेनीवर दुहेरी झाकण आहे की नाही, हेही तेथेच दिसते.

घामाची वाफ बाहेर टाकणाऱ्या पडद्याचे जॅकेट महाग असते. तो पडदा बनावट नव्हे. पण आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुरेशी उष्ण आणि दमट असेल, तेव्हाच वाफ बाहेर जाते. हिमालयाच्या थंडीत ते साधते. कोकणातल्या जुलैत बाहेरची हवाच ओथंबलेली असल्याने फारसे साधत नाही. त्यापेक्षा काखेखाली उघडणारी चेन अधिक उपयोगी, आणि ती स्वस्तही पडते. कॉलरला चामडे किंवा अस्तरात पिसे नाहीत, एवढे विचारून घ्यावे.

समजा, १,००० रुपयांचे जॅकेट एक हंगाम टिकले आणि ३,५०० रुपयांचे पाच हंगाम. तर घसारा वर्षाला १,००० विरुद्ध ७००. हा हिशेब यंत्राच्या खरेदीत कोणी चुकवत नाही. अट एकच, ओले जॅकेट डिकीत कोंबून ठेवू नये. दमट उष्णतेत आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन सुटतो, आणि मग पाच हंगामांचे दोनच होतात. रात्री ते पंख्याखाली टांगावे. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये.

माप घेण्यासाठी ज्याला ते घालायचे आहे, त्यालाच दुकानात न्यावे. पाठीवर भरलेली पिशवी अडकवून, हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केल्यावर बाही मनगटाच्या वर सरकत असेल, तर एक माप मोठे घ्यावे.