पातेली घासली कुणी?

यंदा आठ मार्चला आमच्या संस्थेत वस्तीतल्या बायकांना ‘ज्युली अँड ज्युलिया’ हा इंग्रजी चित्रपट दाखवला. नोरा एफ्रन यांचा, २००९ सालचा. आमच्या कामाला पैसे देणाऱ्या एका संस्थेच्या बाईंनी तो सुचवला होता. मधेमधे थांबवून मी मराठीत सांगत होते. संपल्यावर त्या बाई उठून म्हणाल्या, “बघा, स्वयंपाकातूनसुद्धा बाईला जगण्याचा अर्थ सापडतो!” आठवड्याभरात त्यांचं पत्र आलं: कौटुंबिक सल्ला केंद्राऐवजी यंदा पाककला वर्ग घ्यावा. म्हणून हे लिहिते आहे, मैत्रिणींनो.

चित्रपट मलाही आवडला. मेरिल स्ट्रीप कांद्यांचा डोंगर चिरत बसते आणि घरात शिरणाऱ्या नवऱ्याचे डोळे चुरचुरतात, तिथे सगळ्याजणी खदखदून हसल्या. पण बाईंनी काढलेला अर्थ मला मान्य नाही, आणि तसा अर्थ निघायला चित्रपटही जबाबदार आहे.

ज्युलिया चाइल्ड दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात नोकरीला होती, सिलोनमध्ये आणि चीनमध्ये. १९४८ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी ती पॅरिसला आली. नोकरी त्याला होती, तिला नव्हती. ‘आता मी करू काय?’ हा तिचा प्रश्न तिथून आला. १९४९ मध्ये ती ‘ल कॉर्दों ब्ल्यू’ या पाकशाळेत गेली. वर्गातले बाकीचे युद्धावरून सुटलेले अमेरिकन सैनिक, सरकारी खर्चाने शिकणारे. तेच मासे, तेच लोणी, तोच ओटा. पण त्यांच्यासाठी ते धंद्याचं शिक्षण आणि तिच्यासाठी मात्र ‘स्वतःचा शोध’! हा भेद कुणी केला?

तिला पुढे जे मिळालं ते पुस्तकामुळे. सिमोन बेक आणि लुईझेट बर्थोल यांच्याबरोबर तिने वर्षानुवर्षं एकेक कृती तपासली, टंकलिखित केली, एका प्रकाशकाचा नकार पचवला. १९६१ मध्ये पुस्तक निघालं. हिश्श्यावरून तिघींत झालेली ओढाताण चित्रपटात आहे आणि मला तोच भाग सर्वांत खरा वाटला. नाव, करार, वाटणी. या गोष्टींवर कुणी मान डोलावत नाही, चव आणि सुगंधावर डोलावतात.

दुसरी ज्युली पॉवेल, २००२ सालची, न्यूयॉर्कची. जुळे मनोरे कोसळल्यानंतरच्या पुनर्बांधणीच्या कचेरीत ती फोन घेते. पलीकडे आपली माणसं गमावलेले लोक रडतात, चिडतात. संध्याकाळी घरी येऊन तिला ज्युलियाच्या ५२४ कृती ३६५ दिवसांत करायच्या आहेत आणि त्यावर इंटरनेटवर लिहायचं आहे. चित्रपट त्या कचेरीला नुसता कंटाळा म्हणून बाजूला सारतो. मी स्वतः सल्ला केंद्रात बसते. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकणं हे केवढं काम आहे! त्या मुलीला ना प्रशिक्षण, ना विसावा. उपाय काय, तर घरी जाऊन दुसरी पाळी करा! आणि तिचीही सुटका शेवटी लेखिका म्हणूनच झाली.

स्वयंपाकाला मी हलकं लेखत नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका वर्षानुवर्षं कामगारांना रांधून वाढत होत्या, तरी कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा त्यांना सावकाराच्या दारातून उठता आलं. भाकरी आधीचीच होती.

चित्रपटानंतरच्या चर्चेत बराच वेळ कुणी बोलेना. मग तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, येवढी पातेली घासली कुणी?” ज्युलियाच्या पॅरिसच्या घरी कामाला बाई होती, हे मी त्यांना सांगितलं. “मग तिचा बी सिनेमा हाये का?”

त्या संस्थेला आम्ही उत्तर पाठवलं आहे. पाककला वर्ग जरूर घेऊ, पण सल्ला केंद्र बंद करून नाही. शिकणाऱ्या प्रत्येकीला बुडालेल्या दिवसाची मजुरी, मुलांसाठी पाळणाघर आणि वर्गाची भांडी घासणाऱ्या बाईचा पगार, हे सगळं अंदाजपत्रकात धरून पाठवलं. दोन महिने झाले, अजून उत्तर नाही. सल्ला केंद्र तूर्त वर्गणीवर चालू आहे.